पदवीच्या दुसऱ्या वर्षी मेंदूच्या लॅबमध्ये: बारा आठवड्यांचा अनुभव

दुसऱ्या वर्षी मशीन लर्निंगच्या तासाला आम्हाला कन्व्होल्यूशनल नेटवर्क, म्हणजे चित्रं ओळखायला शिकणारी थराथरांची संगणकी रचना, शिकवलं. चित्रावरून एक छोटी चौकट सरकवत न्यायची, तिच्याखाली जे येईल त्याचा गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि पुढच्या थराकडे द्यायची. गृहपाठ झाला, गुणही मिळाले. शिकवताना सर ओघात एवढंच म्हणाले होते की ही कल्पना मुळात मांजराच्या मेंदूवरून सुचली. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

घरी येऊन वाचायला बसले. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे १९५०च्या दशकाच्या शेवटी भूल दिलेल्या मांजराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या नजर सांभाळणाऱ्या भागात) बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका चेतापेशीचा आवाज ऐकत होते. समोरच्या पडद्यावर ठिपके दाखवत होते आणि पेशी ढिम्म होती. मग प्रोजेक्टरमधली काचेची स्लाइड बदलताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून सरकली आणि पेशी तडतडायला लागली. ठिपक्यात तिला रस नव्हता, तिला हवी होती ठरावीक कोनातली रेघ. या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० मध्ये, कुनिहिको फुकुशिमा यांनी ‘निओकॉग्निट्रॉन’ नावाचं नेटवर्क मांडलं होतं. ह्यूबेल-वीझेलना सापडलेल्या साध्या आणि गुंतागुंतीच्या पेशींच्या धर्तीवर त्यात दोन प्रकारचे थर एकाआड एक रचलेले होते. आमच्या गृहपाठातलं नेटवर्क त्याच घराण्यातलं.

आणि ही ये-जा दोन्ही बाजूंनी आहे हे कळल्यावर तर मी पुरतीच गुंतले. वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या डोपामाइन पेशींची नोंद घेत होते. अनपेक्षित बक्षीस मिळालं की पेशी जोरात धडधडतात. बक्षिसाची सूचना आधीच मिळायला लागली की त्या सूचनेला धडधडतात आणि बक्षिसाला गप्प राहतात. अपेक्षित बक्षीस आलंच नाही तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की हे वागणं रीइन्फोर्समेंट लर्निंगमधल्या (संगणकाला बक्षिसातून शिकवायच्या पद्धतीतल्या) ‘अंदाजातली चूक’ या संख्येशी जुळतं. म्हणजे संगणकासाठी लिहिलेलं सूत्र मेंदूतल्या पेशीचं वागणं समजावून सांगत होतं. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी. जीवशास्त्र शाळेत सोडलेलं. तरी मनाशी ठरवलं की पदवी हातात पडायच्या आत या दोन्हींच्या मधल्या जागेत एकदा तरी खरं काम करायचं.

मेल

सुट्टीतल्या संशोधनासाठी प्राध्यापकांना मेल पाठवायला लागले. सुरुवातीचे सगळे मेल एकाच साच्यातले होते: माझं नाव, वर्ष, गुण, येत असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषा, ‘मला एआय आणि मेंदूविज्ञानाची प्रचंड आवड आहे’ आणि खाली बायोडेटा. कुणाचंच उत्तर आलं नाही. एकाच प्राध्यापिकाबाईंनी दोन ओळी लिहिल्या: जागा नाही, पण पुढच्या वेळी आमचं काम वाचून लिहा.

त्या दोन ओळींनी माझे डोळे उघडले. मी ज्यांना लिहीत होते त्यांच्यातल्या एकाचंही काम मी नीट वाचलेलं नव्हतं. मेलमध्ये माझ्याबद्दल सगळं होतं, त्यांच्या प्रश्नाबद्दल काहीच नव्हतं. मग मेल पाठवणं थांबवलं आणि एकच पेपर घेऊन बसले. तो उघड्या डेटावर बेतलेला होता, आणि या क्षेत्रातली सगळ्यात मोठी सोय हीच आहे. अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने उंदरांच्या दृष्टीविषयक भागांतल्या नोंदी २०१६ पासून सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या उघडायला पायथनचं पॅकेजही दिलंय. ना परवानगी लागते, ना ओळख, फक्त इंटरनेट आणि डिस्कवर भरपूर जागा लागते.

पेपरमधली एक आकृती मी स्वतः काढून बघायचं ठरवलं. तीन आठवडे लागले. माझा आलेख त्यांच्या आलेखासारखा दिसत होता, पण तंतोतंत नव्हता. माझा सगळा वक्र थोडा खाली होता. मग त्या लॅबच्या सरांना सहा ओळी लिहिल्या: कोणती आकृती काढली, कुठे फरक पडला, मी काय काय तपासून पाहिलं, आणि शेवटी एकच प्रश्न, फार कमी फायर होणाऱ्या (म्हणजे विजेचा संकेत सोडणाऱ्या) पेशी तुम्ही गाळल्या होत्या का? बायोडेटा जोडायचं मी विसरले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हो, गाळल्या होत्या, पेपरच्या पुरवणीत लिहिलंय, आणि या आठवड्यात बोलायला वेळ आहे का?

नंतर लॅबमध्ये बसून मी सरांना असे मेल उघडताना पाहिलं. ढिगाने येतात. त्यात जो मेल कामाबद्दल बोलतो तो लगेच वेगळा ओळखू येतो. तुमच्या कॉलेजचं नाव मोठं नसेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी आहे असं मी अगदी ठामपणे सांगेन.

मुलाखत

मला वाटलं होतं बॅकप्रोपगेशन, म्हणजे नेटवर्कला चुकांवरून शिकवायची रीत, विचारतील. सरांनी स्क्रीनवर आकड्यांचं एक कोष्टक ठेवलं. आडव्या ओळीत पेशी, उभ्या रांगेत चाचण्या (म्हणजे प्रयोगातल्या एकेक फेऱ्या), प्रत्येक चौकटीत त्या चाचणीत पेशी किती वेळा फायर झाली तो आकडा. म्हणाले, “यात तुला काय विचित्र वाटतं ते सांग.”

मी बराच वेळ बघत बसले. मग दिसलं की एका पेशीचे आकडे अर्ध्यापर्यंत ठीक आहेत आणि तिथून पुढे सगळी शून्यं. मी म्हटलं, उंदीर कंटाळला असेल. सर म्हणाले, “मग बाकीच्या पेशी का नाही कंटाळल्या?” खरं कारण असं की मेंदूचा ऊतक मऊ असतो. इलेक्ट्रोड त्यात किंचित सरकतो, आणि एखादी पेशी त्याच्या ऐकण्याच्या टप्प्याबाहेर जाते. पेशी जिवंत असते, बोलतही असते, आपल्यालाच ऐकू येत नाही. माझं उत्तर चुकलं होतं, पण ती रांग मला दिसली होती. तेवढ्यावर त्यांनी मला घेतलं.

पहिला आठवडा

माझ्या मार्गदर्शक पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. मी मॅडम म्हणायला लागले तर म्हणाल्या, मॅडम नको, ताई म्हण. तेव्हापासून ताईच.

पहिल्याच दिवशी ताई मला प्रयोगाच्या खोलीत घेऊन गेल्या. आत अंधार, एक पडदा आणि त्याच्यासमोर फिरत्या चकतीवर उभा असलेला उंदीर. डोकं स्थिर धरलेलं, पाय मोकळे. वाटलं की तो चालायचा, वाटलं की थांबायचा. मेंदूत न्यूरोपिक्सेल्स प्रोब होता. २०१७ मध्ये जगासमोर आलेलं हे उपकरण म्हणजे सिलिकॉनची एक काडी, जेमतेम ७० मायक्रॉन रुंद आणि १० मिलिमीटर लांब. तिच्यावर ९६० नोंदबिंदू असतात आणि त्यातल्या ३८४ बिंदूंवरून एका वेळी ऐकता येतं. प्रत्येक बिंदूवर सेकंदाला ३०,००० वेळा व्होल्टेज मोजलं जातं. मी वहीत हिशोब मांडला: तासाला ८० गीगाबाइटहून जास्त.

ताईंनी एका बिंदूचा सिग्नल स्पीकरला जोडला. आधी नुसती खरखर. मग तिच्यातून ‘टक, टक-टक, टक’ असा स्वच्छ आवाज वर आला. पडद्यावर पट्टे सरकायला लागले आणि एका विशिष्ट तिरप्या पट्ट्याला तो आवाज इतका दाट झाला की वेगवेगळे टक ऐकू येईनात. पट्टे वळले, आवाज विरळ झाला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं ते मांजर मी कागदावर वाचलं होतं, आता तेच कानाने ऐकत होते. माझ्या अंगावर काटा आला. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर ताई म्हणाल्या, “पुढचे बारा आठवडे तुला फक्त आकडे दिसणार आहेत. प्रत्येक आकड्यामागे हा प्राणी आहे, एवढं विसरू नकोस.” मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. उघडा डेटा पुन्हा पुन्हा वापरणं, त्यातून निघेल तेवढं सगळं काढणं, हे त्या प्राण्याचं देणं आहे असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

बाकीचा आठवडा वाचनात गेला. मॅककलक आणि पिट्स यांचा १९४३ चा कृत्रिम न्यूरॉन (चेतापेशीचं गणिती रूप) मला पाठ होता: येणाऱ्या संकेतांची बेरीज, एक उंबरठा आणि हो किंवा नाही. आता हॉजकिन आणि हक्सले यांचं १९५२ चं काम वाचलं. स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या प्रवाहांची समीकरणं मांडली होती. एक स्पाइक, म्हणजे पेशीचा विजेचा एक झटका, जेमतेम एक मिलिसेकंदाची, पण तिच्या आत केवढी उलाढाल. एआयमध्ये आपण ज्याला न्यूरॉन म्हणतो ते या सगळ्याचं अगदी बोडकं रेखाचित्र आहे. तरीही काही ठिकाणी ते रेखाचित्र चालून जातं, हेच मला नवलाचं वाटत राहिलं.

नव्वदीच्या पुढचा आकडा

माझं काम सोपं दिसत होतं. ॲलन इन्स्टिट्यूटच्या न्यूरोपिक्सेल्स डेटामध्ये उंदरांना सरकते पट्टे दाखवलेले आहेत. दिशा ८, वेग ५, प्रत्येक जोडी १५ वेळा, म्हणजे एकूण ६०० चाचण्या. प्रत्येक चाचणी दोन सेकंदांची आणि मध्ये एक सेकंद करडा पडदा. पेशींच्या फायरिंगवरून पट्टे कोणत्या दिशेला सरकत होते ते मॉडेलने ओळखायचं. नुसता अंदाज मारला तर आठातून एक, म्हणजे १२.५ टक्के.

न्यूरल नेटवर्कला ६०० उदाहरणं म्हणजे काहीच नाही. मला युक्ती सुचली. दोन सेकंदांची चाचणी पाव-पाव सेकंदाच्या आठ तुकड्यांत कापली की ६०० ची ४,८०० उदाहरणं होतात. तसं केलं. तुकडे पिसले, पाचातले चार भाग ट्रेनिंगला (नेटवर्कला शिकवायला) दिले, एक भाग टेस्टला (न पाहिलेल्या उदाहरणांवर तपासायला) ठेवला आणि नेटवर्क चालवलं. अचूक ओळखण्याचा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला.

मी काळजी घेतली नव्हती असं नाही. लेबलं, म्हणजे प्रत्येक तुकड्याला लावलेली दिशेची खरी उत्तरं, विस्कटून पाहायची पडताळणीही केली. प्रत्येक तुकड्याची दिशा उचलून भलत्याच तुकड्याला चिकटवली आणि नेटवर्क पुन्हा शिकवलं. आकडा बरोबर १२.५ च्या आसपास आला. म्हणजे सगळं ठीक, असं मी धरलं. दोन दिवस सुंदर आलेख काढण्यात घालवले आणि आठवड्याच्या बैठकीत दाखवले.

सर आलेखाकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. ताईंनी विचारलं, “लेबलं विस्कटलीस ती तुकड्यांची की चाचण्यांची?”

मी म्हटलं, तुकड्यांची.

“आज चाचण्यांची विस्कटून बघ. एका चाचणीचे आठही तुकडे एकत्र ठेव आणि त्या अख्ख्या गठ्ठ्याला खोटी दिशा दे.”

मला फरक कळला नव्हता, पण तसं केलं. रात्री उशिरा निकाल आला. दिशा सगळ्या खोट्या. डेटामध्ये शिकण्यासारखं काहीही नाही. तरी नेटवर्क अंदाजाच्या तिप्पट-चौपट चांगलं ओळखत होतं. मी तो आकडा बघून खुर्चीत तशीच बसून राहिले. कोड परत चालवला. तोच आकडा.

मग कागद घेतला आणि एका चाचणीचे आठ तुकडे चौकोनांसारखे काढले. पिसल्यावर त्यातले सहा-सात ट्रेनिंगमध्ये गेले, एक-दोन टेस्टमध्ये. आणि एकाच चाचणीचे तुकडे एकमेकांचे भावंडं असतात. त्या दोन सेकंदांत उंदीर पळत असेल तर आठही तुकड्यांत पळत असतो. तो सावध असेल, पेंगत असेल, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतील, तर त्याचा ठसा आठही तुकड्यांवर असतो. पळण्याने उंदराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचं फायरिंग चांगलंच बदलतं. त्यात प्रोब हळूहळू सरकत असतो, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचण्यांचा नूरही वेगळा. माझ्या नेटवर्कला दिशा ओळखायची गरजच नव्हती. ‘हा तुकडा त्या ३१७ व्या चाचणीतला दिसतो’ एवढं ओळखलं की झालं, कारण त्या चाचणीचं लेबल त्याला ट्रेनिंगमध्येच सांगितलेलं होतं. लेबल खरं असो की खोटं.

आणि माझी पहिली पडताळणी हे पकडूच शकत नव्हती. एकेक तुकडा सुटा विस्कटला की भावंडांची लेबलं वेगवेगळी होतात, चाचणी ओळखून काही हाती लागत नाही, आणि आकडा साळसूदपणे १२.५ वर येतो. ज्या पडताळणीवर मी भरवसा ठेवला होता तिनेच चूक झाकली होती.

दुरुस्ती दोन ओळींची होती: विभागणी तुकड्यांची करायची नाही, चाचण्यांची करायची. एका चाचणीचे सगळे तुकडे एक तर ट्रेनिंगला किंवा सगळे टेस्टला. त्याच्या पुढे जाऊन ताईंनी सत्राचे सलग कालखंडही वेगळे ठेवायला लावले, म्हणजे लागोपाठच्या चाचण्यांमधली सावलीसुद्धा ओलांडून येणार नाही. आकडा धाडकन खाली आला. नव्वदीतलं बरंच काही ट्रेनिंगमधून टेस्टमध्ये झिरपलेल्या उत्तरांचं, म्हणजे गळतीचं होतं. उरलं ते अंदाजाच्या खूप वर होतं आणि ते उंदराच्या मेंदूचं होतं. चाचण्या विस्कटल्या की आता ते खरोखर १२.५ वर येत होतं. शिवाय त्या प्रामाणिक विभागणीवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (वर्ग ओळखायची जुनी, सोपी संख्याशास्त्रीय पद्धत) माझ्या नेटवर्कच्या बरोबरीने धावत होतं. एआयच्या वर्गातून आलेल्या मला हे पचायला वेळ लागला. ६०० चाचण्यांच्या जगात मोठं मॉडेल म्हणजे पाठांतर करायला मोठी वही.

ही चूक मी इतकी लांबवून सांगितली, कारण एआयकडून मेंदूविज्ञानाकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती करू शकतो. आपल्याला शिकवतात ती उदाहरणं मांजरं-कुत्र्यांच्या सुट्या फोटोंची असतात, एका फोटोचा दुसऱ्याशी संबंध नसतो. मेंदूचा डेटा काळात वाहतो. शेजारची नोंद ही शेजारणीसारखीच असते. हे डोक्यात असेल तर निम्मं काम झालं असं समजा.

नेटवर्क आणि उंदीर शेजारी-शेजारी

सातव्या आठवड्यात सरांनी मला दुसरा प्रश्न दिला, आणि माझा जीव खरा अडकला तो इथे. त्याच डेटात उंदरांना निसर्गातली ११८ चित्रं दाखवलेली आहेत, प्रत्येक चित्र ५० वेळा, प्रत्येक वेळी पाव सेकंद. तीच ११८ चित्रं आपण एखाद्या शिकवलेल्या नेटवर्कलाही दाखवू शकतो. मग उंदराचा मेंदू आणि नेटवर्क चित्रं ‘सारखी’ बघतात का?

पेशीची आणि नेटवर्कमधल्या एककाची, म्हणजे कृत्रिम न्यूरॉनची, थेट तुलना करता येत नाही, कोण कुणाच्या जोडीचं हेच माहीत नसतं. त्यावर निकोलाउस क्रीगेस्कोर्टे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक वाट सुचवली होती. पेशींची तुलना सोडा, चित्रांच्या जोड्यांची करा. ११८ चित्रांच्या ६,९०३ जोड्या होतात. मेंदूला कोणत्या जोड्या एकसारख्या वाटतात आणि कोणत्या वेगळ्या, याचा एक तक्ता. नेटवर्कच्या प्रत्येक थरासाठी तसाच एक तक्ता. आता तक्ते एकमेकांशी ताडून पाहायचे. इतकी साधी कल्पना आहे की वाचल्यावर मी पेपर बाजूला ठेवला आणि तोच तक्ता आधी हाताने पाच चित्रांसाठी काढून पाहिला. तुम्हीही काढा, त्याने जे कळतं ते तयार फंक्शन चालवून कळत नाही.

नेटवर्क आणि उंदीर यांचा मेळ मला अगदी कमी मिळाला. मी नाराज झाले. तेव्हा ताईंनी आधी कमाल किती मिळू शकतं ते काढायला सांगितलं. ५० वेळांचे २५-२५ असे दोन भाग करायचे, दोन्हींचे तक्ते वेगळे काढायचे आणि उंदराचा मेळ त्याच उंदराशी किती बसतो ते बघायचं. तो पूर्ण बसणार नाही, कारण एकाच चित्राला पेशी दर वेळी वेगळं उत्तर देते. जेवढा तो स्वतःशी जुळतो, साधारण तीच कुठल्याही मॉडेलची मर्यादा. त्या मोजपट्टीवर ठेवलं तर माझा आकडा तितका वाईट नव्हता.

दुसरी गोष्ट माझी मलाच सुचली आणि तिचा मला फार आनंद आहे. मी नेटवर्कला चित्रं लख्ख दिली होती. उंदराची नजर मात्र पुसट असते. दृष्टीच्या एका अंशात तो फार तर अर्धा पट्टा ओळखू शकतो, चांगल्या नजरेचा माणूस तीसच्या पुढे. म्हणजे पानांच्या शिरा, गवताची पाती, सालीवरच्या भेगा, ज्यांच्यावर नेटवर्क बारीक बारीक थर खर्च करतं, त्या उंदराला दिसतच नसणार. मी ११८ ही चित्रं उंदराच्या नजरेइतकी धूसर केली. एक शेवटचं चित्र स्क्रीनवर मोठं करून ठेवलं: झाडी होती, आता नुसते अंधार-उजेडाचे ढग उरले होते. तीच चित्रं नेटवर्कला दिली तेव्हा मेळ वाढला. सरांनी विचारलं, हे करायला कुणी सांगितलं? ताई म्हणाल्या, “तिचं तिलाच सुचलं.”

मग सरांनी असं काही करायला लावलं जे मी आपणहून कधीच केलं नसतं. काहीही न शिकवलेलं नेटवर्क घे, रचना तीच, सगळी वजनं (शिकताना बदलणारे आतले आकडे) यादृच्छिक, आणि तेही ताडून पाहा. मला वाटलं, ते तळाला जाईल. गेलं नाही. शिकलेल्या नेटवर्कच्या फारसं मागे नव्हतं. मी घाईने पुन्हा गळती शोधायला लागले. विभागणी तपासली, तक्ते तपासले, गळती नव्हती. मग वाचताना कळलं की उंदराच्या बाबतीत हे इतरांनाही दिसलेलं आहे. माकडाच्या मेंदूत, वस्तू ओळखायला शिकलेली नेटवर्क्स दृष्टीच्या वरच्या भागांशी चांगली जुळतात, असं यामिन्स, डिकार्लो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं. उंदराचं गणित वेगळं दिसतं. त्याला बहुधा हजार प्रकारच्या वस्तूंना नावं द्यायची नसतात. वरून सावली झेपावतेय का, बीळ कुठे आहे, हे त्याचे प्रश्न. आपण नेटवर्कला माणसाच्या कामावर वाढवतो आणि उंदराच्या मेंदूशी जुळवायला बसतो.

ज्यांना शिरायचंय त्यांच्यासाठी थोडं

लॅब मिळाली नाही तरी दार बंद होत नाही. न्यूरोमॅच ॲकॅडमी २०२० मध्ये सुरू झाली. तीन आठवड्यांचा संगणकीय मेंदूविज्ञानाचा ऑनलाइन वर्ग, छोटे छोटे गट, प्रत्येक गटाला एक शिकवणारा साथीदार आणि शेवटी खऱ्या डेटावर प्रकल्प. त्यांचं सगळं साहित्य खुलं आहे, वर्गात जागा मिळाली नाही तरी स्वतः करता येतं. मी लॅबमध्ये जायच्या आधी त्यातले पायथनचे धडे केले होते आणि त्यांनीच मला तारलं. आयएनसीएफ ही मेंदूविज्ञानाच्या माहितीसाठी काम करणारी संस्था ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये प्रकल्प देत आली आहे, ज्यांचा हात कोडवर बसलाय त्यांनी तिकडे बघावं. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनचे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे सुट्टीतले कार्यक्रम आहेत, विद्यावेतनही मिळतं, पण ते मुख्यतः तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी असतात. अर्ज भरण्याआधी ती अट वाचा. माझ्या एका मैत्रिणीने दोन निबंध लिहून झाल्यावर ती वाचली.

येताना काय यायला हवं, असं मला सारखं विचारतात. रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की हवी. पायथन रोजच्या वापरातलं हवं. जीवशास्त्र तिथे जाऊन शिकता येतं, मी तसंच शिकले. पण आकड्यांकडे बघत बसायची तयारी घरूनच न्यावी लागते.

बाराव्या आठवड्यात पोस्टर लावलं. मधोमध दोन तक्ते, उंदराचा आणि नेटवर्कचा. एका कोपऱ्यात मी माझ्या गळतीचा आलेखही लावला होता: तुकडे विस्कटल्यावरचा आकडा, चाचण्या विस्कटल्यावरचा आकडा, शेजारी-शेजारी. सरांनी हरकत घेतली नाही. पोस्टरसमोर थांबलेले लोक मुख्य तक्त्यांपेक्षा त्याच कोपऱ्यापाशी जास्त रेंगाळले. एक मुलगा बराच वेळ उभा होता, मग म्हणाला की त्याला आत्ताच जाऊन आपला कोड बघायचाय, आणि गेलासुद्धा.

सुट्टी संपली तरी काम सुटलेलं नाही. आठवड्यातून एकदा ताईंशी बोलणं होतं. सध्या मी नेटवर्कला वस्तूंची नावं न शिकवता, चालत्या प्राण्याच्या उंचीवरून दिसणाऱ्या धूसर चित्रफितींमध्ये पुढची चौकट कशी असेल ते ओळखायला शिकवतेय. ते उंदराच्या जास्त जवळ जातं का ते बघायचंय. पहिलं ट्रेनिंग काल रात्री लावलंय. या वेळी चित्रफिती सबंध वेगळ्या ठेवल्यात, आणि न शिकवलेलं नेटवर्क पहिल्या रांगेत आहे.